खिशाचं झबलं

पायलटांनी विमान कधी जवळून पाहिलेलंसुद्धा नव्हतं. त्यांनी एकतीस वर्षं बस चालवली, पण चालवली ती अशी, की उतारूंचा जीव थांबा येईपर्यंत मुठीत असायचा. म्हणून डेपोतल्या मंडळींनी त्यांना हे नाव बहाल केलं. निवृत्तीनंतर बस गेली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

घरची गाडी बायकोच्या हातात होती आणि ती काटकसरीनं चालायची. तिच्या दारातून कचरा म्हणून काही बाहेर पडेल तर शपथ! चादर विरली की तिचे अभ्रे व्हायचे, अभ्रे विरले की फडकी, आणि फडक्यांनीही मान टाकली की त्यांची रवानगी उशीच्या पोटात.

"मी पार म्हातारा झालो की माझं काय करणार आहेस? पायपुसणं?" पायलट विचारायचे.

"बघू तेव्हा," ती म्हणायची, "कापड कितपत टिकतंय त्यावर आहे."

लेकीचे दिवस भरायला महिना राहिला, तेव्हा ती दहा दिवसांसाठी लेकीच्या गावाला गेली. तिकडचं घर मार्गी लावायचं, परत यायचं आणि निवांत बसून बाळाचे कपडे शिवायचे, असा तिचा बेत होता. जाताना तिनं नवऱ्यासाठी स्वयंपाकघराच्या दारावर एक कागद चिकटवला. वर जेवण, खाली सफाई.

जेवणाचं पायलटांना फार सोपं गेलं. 'कांदा, बटाटा, दोन अंडी, कालचा पाव, सगळं एका कढईत. झाकण. मंद गॅस. उघडून बघू नये.' त्यांनी तीनदा उघडून बघितलं, तरीही ते झालं! आपल्या हातून अन्न शिजतं याचाच त्यांना इतका हर्ष झाला की तीन दिवस दोन्ही वेळा त्यांनी तेच खाल्लं आणि प्रत्येक वेळी स्वतःलाच आग्रह केला.

चौथ्या दिवशी ते सफाईकडे वळले. कागदावर लिहिलं होतं, 'मोरी तुंबली तर आधी खायचा सोडा टाका, मग वरून व्हिनेगर. फेस येईल. घाबरू नका.' पायलटांनी विचार केला, रोज दोन डबे कशाला उघडायचे? एकदाच मिसळून ठेवू. त्यांनी रिकामी बाटली घेतली, वाटीभर सोडा घातला, वरून व्हिनेगर ओतलं आणि अंगठ्यानं बूच गच्च दाबलं.

बूच छताला जाऊन आदळलं तो आवाज सगळ्या इमारतीनं ऐकला. मागोमाग पांढरा फेस उसळला आणि पायलटांच्या मिशा, दिवा, घड्याळ, सगळं एका झटक्यात न्हाऊन निघालं.

वरच्या मजल्यावर शिवणकाकू राहत. शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि अजूनही बोटं शिवशिवायची. त्या धावत खाली आल्या.

"काय फुटलं हो?"

"काही नाही," मिशांतून फेस गाळत पायलट म्हणाले, "सफाई चाललीय."

काकूंसमोर शोभा नको म्हणून ते लगबगीनं छत पुसायला जेवणाच्या टेबलावर चढले. टाच टेबलक्लॉथमध्ये अडकली, पाय सरकला आणि टर्रकन आवाज आला. पायलट शाबूत होते. बायकोनं चार जुन्या चादरींचे तुकडे जोडून केलेला तो टेबलक्लॉथ मात्र हातभर फाटला होता.

पायलटांचा चेहरा पडला. काकू आधी ओठ दाबून उभ्या होत्या, मग त्यांना राहवेना. त्या खो-खो हसत खाली बसल्या.

"काकू, शिवून द्या ना. ती सहा दिवसांनी येतेय."

"मी नाही देणार. मशीन तुमच्या घरात, पाय तुमचे, फाडलंत तुम्ही. बसा."

पायमशीनवर बसताना पायलटांना वाटलं होतं, एवढी दोन मजल्यांची बस हाकली, ही टीचभर वस्तू काय मोठी! पण पहिल्याच दाबाला चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला. दुसऱ्यांदा मशीन जे सुटलं ते कापड संपलं तरी थांबेना.

"ब्रेक! अहो, ब्रेक कुठाय?"

"हात ठेवा चाकावर! आणि तुम्ही ओढू नका कापड, ते आपणहून पुढं जातं. आयुष्यात कधी तरी कुणाला आपल्या गतीनं जाऊ द्या."

तास-दीड तासानं फाटलेल्या जागी टीप पडली. नागमोडी होती, दोन ठिकाणी स्वतःलाच भेटून आली होती, पण ओढून पाहिली तर हलेना. मधे एक भोक उरलं होतं, त्यावर ठिगळ म्हणून पायलटांनी आपल्या जुन्या सदऱ्याचा खिसा लावला.

"खिसा?" काकूंनी विचारलं.

"चमचा ठेवता येईल."

झालं, त्या दिवसापासून पायलटांना शिवणाचं वेड लागलं. जुन्या पँटचा एक पाय कापून बाजाराची पिशवी झाली, दुसऱ्या पायाची लाटण्याला पिशवी. मग मिक्सरला अंगरखा मिळाला. रेडिओला मिळाला. खुर्चीच्या चारही पायांत मोजे आले. काकू रोज चहाला येत, एक टीप उसवत, दोन नव्या शिकवत आणि हसून हसून पोट धरत. सातव्या दिवशी दूध द्यायला आलेल्या माणसाच्या बाटलीलाही पायलटांनी झटकन माप लावलं. तो दोन पावलं मागं सरला.

आठव्या दिवशी सकाळी काकू चहाला आल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"अहो," पलीकडून बायको बोलत होती, तेही एका दमात, "मुलगी झाली! पहाटे झाली. तीन आठवडे आधीच आली बघा, घाईची, तुमच्यावर गेलीय! दोघी छान आहेत. पण बाळ एवढंसं आहे हो, वितीएवढं. दुकानातले कपडे तिच्या अंगावर तंबूसारखे दिसतात, आणि नवं कापड टोचतं तिला. मी झबली कापून ठेवलीत आपल्या पेटीत, मऊ कापडाची. ती शिवून कोण देणार आता? काकूंना विचारता का?"

पायलट आधी आजोबा झाल्याच्या आनंदात एक गिरकी घेऊन आले. मग फोन पुन्हा कानाला लावला.

"मी शिवतो."

"कोण?"

"मी."



"काकू आहेत का तिथं? फोन त्यांच्याकडे द्या," बायको म्हणाली.

काकूंनी फोन घेतला. "अगं, शिवतात ते. हो. नाही, शुद्धीवर आहेत. बघितलंय ना मी! मिक्सरला विचार."

पेटी उघडली तर वरच्या थरात कापलेली झबली होती, वहीच्या पानाएवढी. पायलटांनी एक तुकडा उचलला. निळी बारीक रेघ. हा तर त्यांचा डेपोतल्या पहिल्या वर्षाचा सदरा! तो हरवला म्हणून त्यांनी तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. दुसरा तुकडा लेकीच्या वाढदिवसाला घातलेल्या सदऱ्याचा. तिसरा, चौथा, सगळेच त्यांचे. इतकी वर्षं धुऊन धुऊन कापड सायीसारखं झालं होतं. ते गालाला लावून पायलट जरा वेळ तसेच उभे राहिले.

"रडायचं तर बाजूला होऊन रडा," काकू म्हणाल्या, "कापड भिजवू नका. बसा आता."

दुपारच्या गाडीपर्यंत आठ झबली व्हायची होती. काकू हातानं बंद लावत होत्या, पायलट टिपा मारत होते. पाय थांबेनात, तोंडही थांबेना. "मुलगी झाली, मुलगी झाली" हे ते मशीनच्या ठेक्यावर गात होते. एका झबल्याची बाही आतून शिवली गेली, ती उसवावी लागली. एकाला गळाच राहिला नाही. काकूंनी कात्रीनं तो परत आणला. आठव्या तुकड्यावर सदऱ्याचा छोटा खिसा तसाच होता. काकू तो काढायला निघाल्या, पण पायलटांनी मशीनवर आडवा हात घातला.

संध्याकाळी ते दवाखान्यात पोचले, पँटच्या पायाची पिशवी छातीशी धरून. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे. मग तिनं झबली एकेक करून खिडकीपाशी नेली, उलटी केली, शिवण ओढून पाहिली. पायलटांना लायसन्सच्या परीक्षेतही एवढा घाम फुटला नव्हता.

"आतली शिवण मऊ घेतलीत," ती शेवटी म्हणाली, "टोचणार नाही तिला."

एवढंच म्हणाली. पण तिचा आवाज मधेच घसरला, आणि तो सावरायला तिनं नेमकं खिशाचं झबलं उचललं.

"अहो, हा खिसा कशाला?"

"मग तिकीट कुठं ठेवणार ती?"

बायकोला जे हसू फुटलं ते थांबेचना. पलंगावर लेक उशी पोटाशी धरून कळवळली. "आई, बाबा, हसवू नका ना, टाके दुखतात!"

"टाके?" पायलट गंभीर होऊन पुढं झाले. "कुणी घातले? सरळ आहेत ना? धावदोरा आहे की उलटी टीप?"

मग जावई भिंतीला टेकून हसायला लागला. दम द्यायला आलेली नर्स दारातच थबकली, तिनं बायकोनं बाळाच्या अंगावर चढवलेलं झबलं पाहिलं, खिसा पाहिला आणि तोंडावर फाईल धरली.

"कुठून आणलं हो हे? पलीकडच्या खोलीत जुळी आलीत, याहून लहान. त्यांनाही काही बसत नाहीये."

पायलटांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं लेकीकडे.

"माझ्या घरी मशीन आहे," लेक डोळे पुसत म्हणाली. "मोटरचं. पण कापड?"

सगळ्यांची नजर हळूहळू जावयाच्या सदऱ्यावर जाऊन थांबली. सदरा जुना होता, चांगला धुऊन धुऊन मऊ झालेला. जावई एक पाऊल मागं सरला.

"घरी दुसरे आहेत," तो घाईनं म्हणाला, "कपाटात, खालच्या खणात."

"चला तर मग," पायलट म्हणाले आणि बाह्या सरसावत जिन्याकडे सुटले. मागून बायको ओरडत होती, "अहो, हळू! धुतलेलेच घ्या! आणि कापायच्या आधी मला फोन करा!"