मुकी घंटी

"घंटी का न्हाई वाजवली?" हवालदारानं तिसऱ्यांदा विचारलं.

तार ऑफिसचा तारवाला राधाकिसन रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता. गुडघा फुटून खाकी विजार भिजली होती. सरकारी लाल सायकल खड्ड्यात पडली होती. समोर शेण्या विकणारी म्हातारी मुक्ताबाई आडवी. तिच्या पाटीतल्या शेण्या रस्ताभर फुटल्या होत्या, आणि त्यांवरून लोक सायकली नेत होते. कुणी उतरलं नाही. एक कारकून तर जाता जाता ओरडला, "उचला की ते! चाकं घसरतील."

लढाईचं पाचवं वर्ष लागलं होतं. नगरात रॉकेल मिळेना, म्हणून सायकलींना दिवे नव्हते. कबूल. पण भर दुपारी डोळ्यांना रॉकेल लागत नाही. डाव्या बाजूनं चालावं हे मास्तर वर्गात शिकवत, आणि शाळा सुटली की तेच मास्तर जवळ पडतं म्हणून उजवीकडून घरी जात. दूधवाले दोन्ही बाजूंना हंडे लटकवून वळणावर माणसं चेपत. धडधाकट बापे कँपातल्या मिलिटरी लॉरीची मागची फळी एका हातानं धरून फुकट ओढले जात आणि लॉरी थांबली की तिच्यावरच आपटत. चालणारा मेला तर त्याचं नशीब, सायकलवाल्याला खरचटलं तर खटला.

राधाकिसन या सगळ्यांहून चांगला नव्हता. तोही उजवीकडून चालला होता, तोही घंटी न वाजवता. फरक एवढाच, की त्याला घाई नव्हती.

भिंगारच्या रस्त्याला डाव्या हाताला एक वस्ती होती. दर तिसऱ्या घरातला एक माणूस पलटणीत. कुणी मिसरात, कुणी ब्रह्मदेशात. तारेच्या सायकलीची घंटी मोठी, पितळी. तिचा आवाज बायांना पाठ झाला होता; तार म्हणजे बहुधा माणूस गेल्याचीच खबर. दीड वर्षापूर्वी राधाकिसन भिंगारच्या व्यापाऱ्याची तार घेऊन चालला होता. शेंगदाण्याच्या भावाची तार. वस्तीपुढे शेळी आडवी आली म्हणून त्यानं घंटी वाजवली. लंकाबाई चुलीपुढून उठून धावली आणि उंबऱ्याला अडखळून पालथी पडली. सातवा महिना होता. मूल गेलं. तिचा नवरा मिसरात खुशाल होता.

त्याच संध्याकाळी राधाकिसननं धोतराची चिंधी फाडून घंटीच्या पोटात कोंबली आणि वरून करकचून बांधली. आणखी एक केलं. वस्तीत तार नसेल त्या दिवशी तो वस्तीपुढून पलीकडच्या कडेनं, उजवीकडून जाऊ लागला. म्हणजे आपण पलीकडे दिसलो की बाया समजतील, तार आपली नाही.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. चांगलं काम करतोय, सांगायचं काय, असं त्याला वाटलं.

रस्ता ओलांडताना मुक्ताबाईचं काही चुकलं नव्हतं. अर्ध्यात आल्यावर तिनं भिंगारकडे पाहिलं, कारण त्या कडेला गाड्या तिकडूनच यायला हव्यात. हा तिच्या पाठीमागून आला, शहराकडून, मुका. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तार ऑफिसचे हेडक्लार्क मार्तंडराव त्याची वाट बघत होते. माणूस वाईट नव्हता. आपल्या ऑफिसचं नाव कोर्टात नको, एवढंच त्यांना हवं होतं.

"हे बघ राधाकिसन, घंटी नादुरुस्त होती असं सांगायचं. दुरुस्तीचा अर्ज मी मागच्या तारखेनं फाइलला लावतो. तू सुटलास."

"घंटी चांगली हाय साहेब."

"ते मला ठाऊक आहे. चिंधी मी सोडून घेतलीय. तू काही बोलू नकोस. पंधरा वर्षांची नोकरी आहे, ती अशी मातीत घालू नये."

राधाकिसननं मान हलवली. नोकरी गेली तर घरी कोरडवाहू चार पट्ट्या आणि तीन भाऊ. त्याला वेगळं काही सुचत नव्हतं.

मग तो आत गेला. मुक्ताबाई फळीला बांधलेल्या पायानं पडली होती. उशाशी तिची सून छबूबाई. छबूचा नवरा ब्रह्मदेशात. चार महिने पत्र नव्हतं.

"आलास व्हय," म्हातारी म्हणाली. "बस. मारनार न्हाई. हातच उचलंना झालाय."

"मावशे, चुकलं माजं."

"ते दिसतंय मला. घंटी का न्हाई वाजवलीस ते सांग."

त्यानं सांगितलं. लंकाबाई, चिंधी, पलीकडची कड, सगळं. सांगताना त्याला वाटत होतं, आता म्हातारीचे डोळे भरतील. ती ऐकत राहिली, मग खसकन हसली आणि कळ येऊन विव्हळली.

"पल्याड दिसलास की आमी समजायचं? ते काय पंचांगात लिवलंय?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! आमाला इचारलंस?"

म्हातारीनं मान त्याच्याकडे वळवली.

"आरं, पयलं कसं हुतं? घंटी वाजली की काळीज हलायचं. तू फुडं गेलास की म्हनायचं, सुटलो. घोटभर पानी प्यायचं. तू घंटी बांधलीस आन ते सुटनं बी नेलंस. आता कुठलं बी चाक कुरकुरलं की बाया दारात. दूधवाला आला, दारात. ही छबू भाकर खाताना तीनदा उठती. इचार तिला."

छबू जमिनीकडे बघत होती. "चारदा," ती म्हणाली.

"उद्या कोर्टात काय सांगनार?" म्हातारीनं विचारलं.

"साहेब म्हनत्यात, घंटी मोडली हुती म्हन."

"म्हंजी वस्तीला काय कळंल? सरकारी घंटी मोडती, आन मोडली की तारवाला गुपचूप येतो. मग जलमभर आमी प्रत्येक चाकाला उठायचं." तिनं दम घेतला. "खरं सांग. घंटी बांधली हुती, आता कुनी बांधनार न्हाई, असं भर कोर्टात बोल. वस्तीला ऐकू जाऊ दे. मग तरी बाया जेवतील."

"नोकरी जाईल मावशे."

"जाईल," ती म्हणाली. "मी तुला न्हाई जानार असं कशाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी कोर्टात मार्तंडराव पहिल्या बाकावर होते. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "घंटी बंद होती का?"

"न्हाई साहेब. चांगली हुती. मीच चिंधी घालून बांधली हुती."

मार्तंडरावांनी डोळे मिटून घेतले.

"का?"

त्यानं सांगितलं. मागच्या बाकांवर हशा पिकला. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, कायद्यात दयेसाठी वेगळी बाजू नाही, डावी म्हणजे डावी. त्यांचं चुकलं नव्हतं. पण हसणाऱ्यांतले दोन कारकून बाहेर पडून एकाच सायकलीवर डबलसीट बसले आणि उजव्या कडेनं, एक हात सोडून, गप्पा मारत निघून गेले. त्यांना कुणी विचारलं नाही.

आठवड्यात राधाकिसनची नोकरी गेली, सरकारी पट्टा जमा झाला. वस्तीत बातमी त्याच्याआधी पोचली होती. लंकाबाईनं महिनाभर त्याच्याकडे पाहिलं नाही. मग एकदा रस्त्यात थांबून म्हणाली, "मला आदी सांगायचं हुतंस, भाऊ." एवढंच बोलून गेली.

मुक्ताबाई घरी आली ती खाटेवरच. छबू पाटी घेऊन शेण्या विकायला जायची, म्हणून नळावरचं पाणी राधाकिसन भरू लागला. नळ रस्त्यापलीकडे. बायांच्या रांगेत पन्नाशीकडे झुकलेला एकटा बाप्या, खांद्यावर कावड.

"काय तारवाले, आज पान्याची तार कुनाला?" कुणी तरी विचारी.

"म्हातारीला. अर्जंट हाय," तो म्हणे, आणि बाया त्याला पुढे घेत.

त्या दिवशी दोन्ही घागरी काठोकाठ होत्या. डावीउजवी बघून तो अर्ध्या रस्त्यात आला, आणि उलट्या कडेनं एक सायकलवाला सुसाट आला.

"ए, मर बाजूला!"

राधाकिसन बाजूला झाला नाही. मागेही सरला नाही. कावड खांद्यावर पेलून उभा राहिला. सायकलवाल्यानं ब्रेक दाबले, एक पाय जमिनीला टेकला, चाक घागरीपासून वीतभर अंतरावर थांबलं.

"दिसत न्हाई का तुला?"

"दिसतंय," राधाकिसन म्हणाला. "तुमी तिकडून जा."

तो माणूस शिव्या देत उतरला, सायकल हातात धरून डाव्या कडेला गेला. मागून आणखी दोघे उलटे येतच होते. राधाकिसन त्यांच्यासाठीही तसाच उभा राहिला. घागरींतलं पाणी हललं, काठाशी आलं, आणि थांबलं.