सुंदररावाची हाक

दुष्काळाचं दुसरं वर्ष. ऊस नाही म्हणून सहकारी कारखान्याचं धुराडं थंड, आणि अशात चेअरमनसाहेबांना कामगारांची बास्केटबॉल स्पर्धा भरवायची हौस. टाइमकीपर राधाकिशन कॉलेजात खेळलेला, म्हणून संघ त्याच्या गळ्यात. मैदानावर शिंपडायला पाणी नव्हतं. परळीच्या वीज केंद्रातून आणलेल्या राखेनं रेषा मारल्या, त्याही वाऱ्यानं उडायच्या. राधाकिशन या सगळ्याला अगदी विटला होता.

तरी तो रोज यायचा तो कचरूसाठी. भीमनगरचा कचरू गव्हाणीवर ऊस उतरवायला, तोही हंगामी. मोळ्या फेकून फेकून मनगट असं तयार झालेलं, की डाव्या कोपऱ्यातून सोडलेला बॉल जाळीतच पडायचा. बाकीचे खेळाडू कायम नोकर. हंगामच नाही म्हटल्यावर कचरूच्या लेकरांनी खायचं काय? राधाकिशननं चेअरमनसाहेबांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. शेवटी साहेब म्हणाले, "फायनलला दाखव तुझा हिरा. नजरेत भरला तर करू कायम."

आता भरवायचा कसा? राधाकिशननं एक डाव रचला. बॉयलरवरचा भारत जागचा हलत नाही, ही रोजची कटकट. तर त्याला कचरूवर नजर ठेवणाऱ्या गड्याच्या वाटेत उभाच करून टाकला. राहिला सुंदरराव. डायरेक्टरचा पुतण्या, पळायला आळशी, नेम यथातथा, पण आवाज काय विचारता. त्याचं बळ तेवढंच. त्यानं रिंगखाली जाऊन हात वर करायचा आणि गव्हाणीवर मजुरांवर ओरडतो तसं ओरडायचं, "कचरू, आण इकडं." सुंदररावानं मागितलं आणि कचरूनं दिलं नाही, असं या भागात कोण मानेल? समोरचे सगळे रिंगखाली धावतील आणि कचरू कोपऱ्यात मोकळा राहील.

"तू द्यायचा न्हाई. मारायचा," राधाकिशननं बजावलं.

"व्हय सर," कचरू म्हणाला.

सरावाला सुंदरराव कधी फिरकला नाही. मोठ्या घरचा माणूस, त्याला कोण बोलणार? त्याच्या जागी राधाकिशनच ओरडायचा, आणि डाव दर वेळी जमायचा.

फायनल सूतगिरणीच्या संघाशी. अगदी शेवटी आपण एका गुणानं मागे. राधाकिशननं खूण केली. भारत भिंतीसारखा उभा राहिला. रिंगखाली सुंदररावाभोवती तिघे जमले. कोपऱ्यात कचरू एकटा, गुडघे वाकवलेले, बॉल कपाळापर्यंत आलेला.

"कचरू, आण इकडं."

कपाळावरचा बॉल खाली आला आणि सरळ सुंदररावाच्या हातात गेला. सुंदररावच दचकला. दचकून त्यानं वर भिरकावला, तो रिंगवर थडथडला आणि आत पडला. जिंकलो, आता बोला. लोकांनी सुंदररावाला खांद्यावर घेतलं.

राधाकिशन गर्दीतून वाट काढत मंडपात गेला. "साहेब, पास कचरूचा होता."

"असंल की," चेअरमनसाहेब हार सारखा करत म्हणाले. "सुंदररावानं मागितल्यावर देणारच."

"अन् त्याचं कायमचं?"

"कुणाचं?" साहेबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोटोला उभे राहिले.

कचरू खांबाला टेकून बसला होता. राधाकिशनचा तोल सुटला. "कावून दिलास बे? मोकळा व्हतास की."

कचरू आपल्या तळव्यांकडं बघत राहिला. "मी दिला न्हाई सर. त्यायनी मागितला, अन् गेला."

राधाकिशनच्या तोंडाशी शिवी आली होती, ती त्यानं गिळली. शिवी द्यायची तर स्वतःलाच द्यायला हवी होती. कचरू देणारच, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याच भरवशावर तर त्यानं डाव रचला होता. फक्त कचरूही त्याच गावचा, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"सर," कचरूनं हळूच विचारलं, "सायबानं पाह्यलं का मला?"

"पाह्यलं," राधाकिशन म्हणाला. त्याला फार थकल्यासारखं झालं, आणि तो तिथंच धुळीत कचरूशेजारी बसला.