सगळ्यात लवकरचा शिक्का

नारपोलीच्या सादिकशेठनी आयुष्यात एकही माल वेळेवर दिला नव्हता. कापड मात्र असं विणायचे की नाव ठेवायला जागा नाही. म्हणून तर केसरीनाथ व्यापारी दातओठ खात का होईना, टिकून होता. या खेपेला त्यानं निर्वाणीचं सांगितलं, "शुक्रवारपर्यंत माल आला नाही, तर मी शेजारच्या लूमवाल्याकडे चाललो."

सादिकशेठ हादरले. आणि हादरून त्यांनी काय करावं? शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या द्रौपदीबाईंचं घर गाठलं.

"बाई, ज्याच्यात्याच्या ताग्यावर 'सुपरफाइन'चा शिक्का हाय. मला त्याच्या वरचा शब्द द्या, भिवंडीत कुणाकडे न्हाय असा."

बाईंना हसू आवरेना. "रेथेस्ट घ्या. जुन्या इंग्रजीत 'रेथ' म्हणजे लवकर. आपण 'रादर' म्हणतो ना, ते त्याचंच भावंड, मुळात 'जास्त लवकर'. आणि रेथेस्ट म्हणजे सगळ्यात लवकर. रादर टिकला, ह्या बिचाऱ्याला इंग्रजांनीच अडगळीत टाकलं. तुम्हाला अगदी शोभेल, शेठ!"

"मग तो आपला!" शेठ खूश. टोमणा डोक्यावरून गेला.

नवल म्हणजे माल बुधवारीच तयार झाला. कामगारांचाही विश्वास बसेना.

"पाठवा की आता," बायको जमिला म्हणाली.

"बिगरशिक्क्याचा? डोकं फिरलंय काय?"

शिक्का आला, तर शाई पसंत पडेना. निळी फिकी वाटली, लाल भडक. जांभळीवर शेठचं मन बसेपर्यंत शनिवार उजाडला.

टेम्पोत बसून ते स्वतःच धामणकर नाक्यावर केसरीनाथच्या दुकानी गेले. त्यानं फुगलेल्या तोंडानंच ताग्यावरून हात फिरवला, मग चष्मा सारखा करून शिक्का वाचला. "ह्याचा अर्थ काय?"

काहीही ठोकून देता आलं असतं. अख्ख्या बाजारात हा शब्द ठाऊक होता कुणाला? पण एवढ्या हौसेनं आणलेल्या शब्दाबद्दल खोटं बोलायला शेठची जीभ रेटेना.

"सगळ्यात लवकर," ते पुटपुटले.

केसरीनाथ बघतच राहिला. "आणि माल तयार कधी झाला?"

"बुधवारी."

"मग?"

"शिक्का यायचा होता."

केसरीनाथ हसत हसत गादीवर आडवा झाला. शेठ बिचारे कानापर्यंत लाल झाले. बऱ्याच वेळानं डोळे पुसत तो म्हणाला, "पुढची ऑर्डरही तुमचीच, सादिकशेठ. फक्त शिक्का मारू नका."

शेठचा जीव भांड्यात पडला. पण पाय काही निघेना.

"कोपऱ्यात मारला तर?" त्यांनी विचारलं. "बारीकसा?"