रुपालीची तांबी

रुपाली शितोळे सिटी बस चालवायची, राजवाडा ते सिमरोल. मुलगा झाल्यावर तिने तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवून घेतली. तेव्हापासून दीड वर्ष महिन्यातले सात-आठ दिवस तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसणं नको व्हायचं. दर दोन तासांनी पॅड बदलायचं, आणि अख्ख्या रूटवर बायकांसाठी धड बाथरूम एकच. मार्चमध्ये तिला चालत्या गाडीत चक्कर आली. तिने बस कडेला घेतली, हॅन्डब्रेक ओढला आणि मगच डोकं टेकलं. तरी दुसऱ्या दिवशी मॅनेजरने तिला पास देण्याच्या खिडकीवर बसवलं.

घरी सासूबाई, कमलताई, वाटच बघत होत्या. "काढून टाक ती तांबी. दुसरं होऊन जाऊ दे. नोकरी तशीही गेल्यातच जमा आहे ना!"

"मला दुसरं नको, आई. नोकरी पाहिजे."

तांबी बसवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतकं तर होतंच. लोहाच्या गोळ्या घ्या."

रुपालीने हिमोग्लोबिनचा रिपोर्ट पुढे सरकवला. आठ होतं. "गोळ्या सहा महिने खातेय, मॅडम. सोनोग्राफी लिहून द्या. रक्ताचा फ्लो दिसतो ती." चिठ्ठी हातात पडेपर्यंत ती खुर्चीवरून उठली नाही.

सोनोग्राफीच्या डॉक्टर स्पृहाने स्क्रीन तिच्याकडे वळवला. लाल-निळे ठिपके लुकलुकत होते.

"गाठ वगैरे नाही, तांबीही जागेवर आहे. पण गर्भाशयाकडे रक्ताचा ओघ जास्त आहे. तांब्यामुळे काहींच्या आतल्या अस्तराला सूज येते, नसा रुंदावतात. सगळ्यांना नाही होत. तुम्हाला झालंय."

"म्हणजे मी नाटक नाही करत."

"नाटक कोण म्हणालं?"

"सगळेच."

तांबीऐवजी हार्मोनवालं साधन बसवता येतं, हे तिला तिथेच कळलं. त्याने अस्तर पातळ होतं, रक्त कमी जातं. सुरुवातीला डाग दिसतात, पुढे पाळी बंदही होऊ शकते.

"पाळी बंद?" घरी कमलताई कडाडल्या. "घाण रक्त आत साठेल! माझ्या घरात हे चालणार नाही. नवऱ्याला, निखिलला विचारलंस?"

"सांगितलंय. विचारलं नाही. आणि अस्तर वाढतच नाही तर साठेल काय, आई?"

नवं साधन बसलं. तीन महिने रोज डाग, आणि रोज कमलताईंचं 'मी म्हणत होते ना'. रुपाली वैतागली, एकदा रडलीही, पण काढायला गेली नाही. चौथ्या महिन्यात दोन पॅडवर भागलं. दिवाळीच्या आत हिमोग्लोबिन साडेअकरावर आलं.

रिपोर्ट घेऊन ती मॅनेजरसमोर उभी राहिली. "गाडी द्या."

"मॅडम, पुन्हा चक्कर आली तर?"

"मागे आली तेव्हा एका सवारीला खरोंच आली का? नसेल द्यायची तर लिहून द्या, का नाही देत ते."

त्याने लिहून दिलं नाही, गाडी दिली. कमलताईंना ते साधन अजून पटलेलं नाही, आणि रुपाली त्यांची मनधरणी करायला गेलेली नाही. सोमवारी सकाळची पहिली फेरी तिने काढली. गाडी राजवाड्यालाच भरली होती.