दोन माणसांचा तंबू

"काका, हात देऊ का?" तनयाने वाकून विचारलं.

मोडकांनी आतूनच नको म्हणून मान हलवली. सदाशिव पेठेतल्या ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात वरच्या मजल्यावर, बुटांच्या फळ्यांशेजारी उभारलेल्या नारिंगी तंबूत ते उताणे पडले होते. उजवा पाय हलवायचा नाही, उजव्या हाताचा आधार घ्यायचा नाही आणि तरीही बाहेर यायचं, असा त्यांचा प्रयत्न चालला होता. ते कुशीवर वळले, डाव्या कोपरावर भार दिला, दाराच्या कडेपर्यंत सरकले आणि तिथेच अडकले. तंबूला एकच दार होतं आणि तेही पायाशी. तिथून बाहेर यायचं तर रांगावं लागत होतं.

शेवटी ते रांगत बाहेर आले, पँट झटकली, चष्मा लावला आणि खिशातून वही काढून लिहिलं : दार बाजूला हवं. दोन्ही बाजूंना असल्यास उत्तम.

तनया तिथे नोकरीला लागून वर्षच झालं होतं, पण असं गिऱ्हाईक तिने पाहिलं नव्हतं. साठी उलटलेला माणूस दर आठवड्याला यायचा, तंबू उघडायला लावायचा, आत झोपायचा आणि काही न घेता निघून जायचा. पहिल्या खेपेला तर घरून काटा घेऊन आला होता. पिशवीवर एक किलो आठशे लिहिलेला तंबू काट्यावर एक किलो नऊशे चाळीस भरला. त्यात खुंट्या आणि पिशवी धरत नाही कंपनी, असं तनयाने सांगितलं.

"मग ते कोण उचलतं? कंपनी?" मोडकांनी विचारलं होतं.

काटा आणण्यात त्यांना गैर काही वाटलं नव्हतं. चौतीस वर्षं ते एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मुलांसाठी क्षार तोलून ठेवायचे, काचेची नळकांडी धुवायची, प्रॅक्टिकलच्या परीक्षेत कुणी बोट भाजून घेतलं तर मलम लावायचं. लिहिलेल्या वजनावर त्यांनी जन्मात विश्वास ठेवला नव्हता.

डोंगरात मात्र ते कधी गेले नव्हते. डोंगर त्यांच्या बायकोचे, सुनीतीचे होते. ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि दर थंडीत मुलींना घेऊन कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर जायची. पुढे मुलींशिवायही जाऊ लागली. शनिवारी पहाटे पाठीवर सॅक टाकून निघायची, तेव्हा मोडक गॅलरीत उभे राहून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत. रविवारी संध्याकाळी ती लाल तोंडाने परत आली की तिच्या मोज्यांत अडकलेली कुसळं ते एकेक करून काढत बसत. लग्नानंतर अकरा वर्षं तिने दर हिवाळ्यात विचारलं, येता का? कधी परीक्षा होत्या, कधी आईचं आजारपण, कधी गुडघा. बाराव्या वर्षी तिने विचारणं सोडलं आणि मोडकांना, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. मूलबाळ झालं नाही. दोघांचं आपापलं बरं चाललं होतं.

जूनमध्ये सुनीतीचा उजवा पाय चालताना घसटायला लागला. चप्पल निसटायची, पायरीवर ठेच लागायची. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि मग सोप्या शब्दांत समजावलं, की मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचेनासा होतो. आधी पाय, मग हात, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. औषध नाही. किती वेळ आहे, ते ज्याच्या त्याच्यावर असतं.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर दोघं रिक्षाची वाट बघत उभी होती. सुनीती म्हणाली, एकदा माझ्याबरोबर चला. गडावर, एक रात्र तंबूत.

मोडक चटकन म्हणाले, जाऊ. आधी तंबू नीट बघू.

तेव्हा ती चालत होती. मोडकांनी वहीत पहिलं कलम लिहिलं ते वजनाचं, कारण तिचं ओझंही त्यांनाच उचलावं लागणार होतं. ऑगस्टमध्ये तिच्या हातात काठी आली. मग आतली उंची महत्त्वाची झाली, तिला बसता आलं पाहिजे. दार बाजूला पाहिजे. मग रुंदी, कारण रात्रीत तिला दोनदा कुशीवर वळवावं लागे आणि दोन माणसांचा तंबू म्हणजे न हलता झोपणाऱ्या दोन माणसांचा, हे मोडकांना कळून चुकलं होतं. ऑक्टोबरमध्ये तिच्या बोटांतला जोर गेला. त्यांनी लिहिलं : चेनला मोठी दोरी. पाठोपाठ तेही खोडलं, कारण दोरीही तिच्याच्याने ओढवेना.

दर वेळी आधी पसंत केलेला तंबू बाद व्हायचा. हे आपण का करतोय ते मोडकांना पुरतं कळत होतं. तंबू घेतला की जायचं ठरणार, आणि जायचं ठरलं की ते होऊन जाणार, आणि मग पुढे दुसरं काही उरणार नाही. तोवर आजार कुठेतरी बाहेर थांबून राहील असं त्यांना वाटत असे. तो थांबत नव्हता. रात्री तिचा श्वास ऐकत ते जागे पडून राहत आणि सकाळी पुन्हा वही उघडत.

नोव्हेंबरच्या एका दुपारी ते नारायण पेठेतून तिची औषधं घेऊन घरी आले, तर सुनीती टेबलाशी बसली होती. समोर वही होती. तिने ती कशी ओढून घेतली, पानं कशी उलटली, कोण जाणे. दोन पानं चुरगळली होती. तिचं बोलणं आता जड झालं होतं, एकेक शब्द ती घासून बाहेर काढत असे.

"वाचली," ती म्हणाली. "पहिल्या पानावर मी चालतेय."

मोडक हातातली पिशवी घेऊन उभे राहिले.

"सातव्यावर तुम्ही मला काखेत धरून बाहेर काढताय."

तिने श्वास घेतला. "आठवं पान लिहू नका."

मोडकांनी पिशवी खाली ठेवली आणि तसेच जिना उतरले. दुकानात पोचेपर्यंत त्यांना धाप लागली. शेवटी पसंत केलेला, दोन्ही बाजूंना दारं असलेला तंबू द्या, असं त्यांनी तनयाला सांगितलं. तो संपला होता. पुन्हा यायला तीन आठवडे लागतील, ती म्हणाली. 

"हा काढून द्या," त्यांनी मांडलेल्या नारिंगी तंबूकडे बोट केलं.

"काका, तुम्हाला दार बाजूला हवं होतं ना?"

"आता नकोय."

ते लोकांच्या बुटांनी मळलेला तो तंबू बघत राहिले. बायकोला घेऊन जायचंय, ते म्हणाले. तिला आत कसं घालू, मला माहीत नाही. पाच महिने झाले, मला अजून माहीत नाही.

 दांड्या काढता काढता तनया थांबली आणि म्हणाली, दाराशी आधी पाठमोरं बसवा काका, मग तुम्ही आत शिरून खांद्यांना धरून ओढा, पाय आपोआप येतील. माझ्या आजीला आम्ही असंच गाडीत घ्यायचो. मग तिने मोडकांना तिथेच तंबू दोनदा लावायला आणि दोनदा सोडायला लावला.

पुढच्याच शनिवारी ते भाड्याच्या गाडीने राजगडाच्या पायथ्याला गेले. तिथे धोंडिबाचं घर होतं. सुनीतीच्या शाळेतल्या मुलींना वीस वर्षं त्याच्याच घरी भाकरी मिळाली होती. तिला गाडीतून उतरताना बघून धोंडिबाने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. गडावर जाणं शक्य नव्हतं, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. त्याच्या घरामागे, भात कापून मोकळं झालेलं खाचर होतं. तिथून गड समोर दिसे.

"बाई, पाठीवर घेऊन जातो की. हाय काय त्यात," धोंडिबा म्हणाला.

सुनीतीने नाही म्हणून मान हलवली. तिला चालायचं होतं.

अंगणापासून खाचरापर्यंत शंभर-सव्वाशे पावलं असतील. त्यांना पाऊण तास लागला. एका बाजूने मोडक, दुसऱ्या बाजूने धोंडिबाची बायको शालू. उजवा पाय मोडक वाकून पुढे ठेवत, मग तिचा भार त्यावर येई, मग डावा. बांधावर ती कोसळली. मोडकही तिच्याबरोबर खाली आले, त्यांचं कोपर खरचटलं. काही वेळ दोघं तशीच मातीत बसून राहिली. मोडक रडत होते आणि तिला ते दिसू नये म्हणून चष्मा पुसत होते. मग ती उठायची खूण करू लागली.

तंबूत ती पाठमोरीच गेली, तनयाने सांगितलं होतं तशी. संध्याकाळी शालूने मऊ भात आणून दिला, तो भरवायला तास गेला. रात्री मोडकांनी तिला तीनदा वळवलं. प्रत्येक वेळी त्यांची पाठ तंबूच्या दवाने ओल्या झालेल्या कापडाला लागली.

उजाडल्यावर त्यांनी तिला दाराशी बसतं केलं, पाठीशी सॅक आणि सगळी पांघरुणं लावली. समोर गडावर ऊन उतरत होतं.  मग ती म्हणाली, "जाऊन या."

मोडकांना कळलं नाही. तिने डोळ्यांनी गडाकडे दाखवलं.

"तुला टाकून कसा जाऊ?"

"मी बघते," ती म्हणाली. "जाताना."

शालू म्हणाली, जावा दादा, मी हाय इथं. धोंडिबा चार पावलं पुढे जाऊन उभाही राहिला.

पहिला चढ मोडकांनी कसाबसा काढला. दुसऱ्या चढावर छातीत भाता हलायला लागला, गुडघ्यांत कळा येऊ लागल्या. हाताने झुडपं धरत, दगडांवर बसत उठत ते एका सपाटीवर पोचले. धोंडिबाने त्यांना पाणी दिलं आणि खाली बोट दाखवलं.

खाली रिकाम्या खाचरात तंबू नखाएवढा दिसत होता. शालूचं हिरवं लुगडं त्याच्याशेजारी उभं होतं. दाराचा काळा चौकोन होता आणि त्यात सुनीती बसलेली असणार, पण डोळे कितीही बारीक केले तरी ती काही दिसेना.

मोडकांनी हात उचलायला घेतला. मग तिला उत्तरादाखल हात उचलता येणार नाही हे ध्यानात येऊन त्यांनी तो अर्ध्यातूनच खाली घेतला. माघारी फिरू या का, असं धोंडिबाने विचारलं. ते नाही म्हणाले, आणि खालून नीट दिसेल अशा डोंगराच्या उघड्या बाजूने पुढचा चढ चढू लागले.