मधल्याची पट्टी

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. अंग लाकडाचं, आत पितळेचे सूर, पाठीला भाता. मित्रांनो, देवाने मला तोंड दिलं नाही, पण श्वास दिला. आणि ज्याला श्वास आहे, त्याच्या पोटात गोष्टी साठायच्याच.

कारागिराच्या हातून मी एका घरात आले. तिथे तीन भावंडं होती. दिवेलागणीला थोरली मला वाजवायची, धाकटी गायची, आणि मधल्या भावाला एकच काम जमायचं: एक पांढरी पट्टी बोटाने दाबून धरायची. "माझा सूर कुणी सोडायचा नाही," असा त्याचा हुकूम असे. दाबून दाबून ती पट्टी पिवळी पडली.

मग तो तापाने फणफणला. त्या आजाराची लस टोचून आणायचं वडिलांनी आज करू, उद्या करू म्हणत लांबवलं होतं. डॉक्टर आले, त्यांनी इंजेक्शन दिलं, आणि रात्र पडायच्या आत पोर गेलं. दाराआडून धाकटीने तेवढी सुई पाहिली. निघताना डॉक्टर वडिलांना म्हणाले, "लस वेळेवर दिली असती, तर हे झालं नसतं." ते थोरलीने ऐकलं. आईने तिला शपथ घातली, "धाकटीला कळू देऊ नकोस. बापाच्या तोंडाकडे बघायची नाही ती."

पुढे थोरली सरकारी शाळेत मुख्याध्यापिका झाली आणि धाकटी त्याच शाळेत संगीताची बाई. मीही शाळेत आले. काय ते दिवस, मित्रांनो! सकाळच्या प्रार्थनेला शंभर गळे माझ्या मागे धावायचे, निम्मे बेसूर, पण सगळे मनापासून.

मग साथ आली. शाळांतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांनी लस घ्यावी, न घेणाऱ्याला फाटकाच्या आत घेऊ नये, असा वरून हुकूम आला. हुकूम वाईट नव्हता. वर्गात दम्याची लेकरं होती.

एका दुपारी थोरली संगीताच्या खोलीत आली. "सगळ्यांनी घेतली. गणिताचे सर तर सुई बघूनच खुर्चीवरून घसरले, तरी घेतली. तुझंच काय अडलंय?"

"मला नाही जमायचं, ताई. का जमत नाही, ते तुला माहीत आहे."

"शाळेत मी ताई नाही."

धाकटीचा हात माझ्या भात्यावर थबकला. "बरं, मुख्याध्यापिका बाई," ती म्हणाली आणि माझं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी नोटीस गेली.

काही दिवस ती फाटकाबाहेर उभी राहून प्रार्थना ऐकायची. मग ती यायचीही थांबली.

तिच्या जागी आलेल्या नव्या मास्तरांनी मला उघडलं आणि भाता हलवला, तर ती पिवळी पट्टी आपोआप खाली बसलेली. कुठलंही गाणं घ्या, त्याच्याखाली तो एक सूर चालूच. मास्तरांनी पट्टी उचलली, ठोकली, फुंकर मारली. छे! मुलं कुजबुजली, "बाई आल्यात. दिसत नाहीत, पण आल्यात." ओलीने लाकूड फुगलं असेल, असं शिपाईमामा म्हणाले. असेलही. मला मात्र त्या पट्टीवर एक लहान बोट जाणवायचं, तापलेलं.

शाळा सुटल्यावर थोरली एकटी माझ्यापुढे बसली. तिने भाता हलवला. सूर उठला. "अरे, अजून धरून बसलायस?" ती म्हणाली. मग मला पदराने पुसून, गाडीत घालून तिने थेट धाकटीचं दार गाठलं.

"तो सुईने नाही गेला गं," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "लस द्यायची राहिली म्हणून गेला. मी ऐकलं होतं. आईची शपथ होती."

धाकटीने मला तिच्या हातातून घेऊन खाली ठेवलं. मग म्हणाली, "हे सांगायला तुला जन्म लागला, ताई. नोटीस मात्र एका दिवसात आली."

थोरली खाली बसली आणि बहिणीचे पाय धरून रडली.

त्याच आठवड्यात धाकटीने जाऊन लस टोचून घेतली. थोरलीची आधीच झाली होती, तरी हात धरायला गेली. पण धाकटी शाळेत परतली नाही, आणि मीही तिच्याकडेच राहिले. "फाटक उघडं आहे गं," थोरली म्हणते. "उघडं आहे, ताई. माझेच पाय आत जात नाहीत."

शाळेची प्रार्थना आता यंत्रावर वाजते. मुलं नुसती ओठ हलवतात, असं शिपाईमामा सांगत होते.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसू देऊ नका, एवढंच मागायचं होतं मला. पण त्याहून मोठं मागते. भ्यालेल्या माणसाला खरं सांगायचं असेल, तर त्याच्या शेजारी बसून, वेळेवर सांगा. लस उशिरा आली की काय होतं, ते मी पाहिलं. शब्द उशिरा आला की काय होतं, तेही पाहिलं.

परवा पेटी दुरुस्त करणारे आले होते. धाकटी म्हणाली, "भाता शिवा, ती पट्टी राहू द्या."

संध्याकाळी दोघी गातात. गाणं संपतं, हात थांबतात. भात्यात घोटभर हवा उरलेली असते. तेवढ्या हवेवर तो एकटाच गात राहतो, आणि ती संपेपर्यंत दोघींपैकी कुणी दिवा लावायला उठत नाही.