अर्पणाच्या वेळची झांज

या, असे पुढं सरकून बसा. दारातल्यांनीही आत या, जागा आहे. कीर्तन लांबून ऐकलं तर नुसता गलबला ऐकू येतो. जवळ बसलं की गाणाऱ्याचा श्वाससुद्धा कळतो. आजचं आख्यान फार मोठं नाही. एका झांजेचं आहे, आणि ती नको तेव्हा वाजायची, त्याचं आहे.

ती वाजली, आणि पेटीवरची एडविन मास्तरांची बोटं थबकली.

पद त्यांनी स्वतः रचलेलं. ‘रित्या हाती आलो देवा, रिता नको धाडू.’ चाल संथ, जवळजवळ गुणगुणल्यासारखी. अर्पण गोळा होत असताना सगळं चर्च शांत व्हावं, माणसानं आत वळून पाहावं, म्हणून मुद्दाम तशी बांधलेली. मास्तर डोळे मिटून गात. डोळे मिटल्याशिवाय त्यांना सूरच सापडत नसे. आणि ‘देवा’वरचा तो लांब, मऊ स्वर हवेत तरंगत असतानाच दानीएल मामांची झांज फाटकन वाजे. समेवर नाही, टाळीवर नाही. मधेच कुठंतरी. मग पुन्हा. मग बऱ्याच वेळानं लागोपाठ दोनदा.

मास्तरांनी दात आवळून पद संपवलं. आशीर्वाद झाला, माणसं उठली, तेव्हा त्यांनी पेटीचं झाकण जरा जोरातच लावलं.

“मामा, काय चाललंय हे?”

“हात चुकला, मास्तर.”

“दर रविवारी? नाताळापासून बघतोय मी. बाकीच्या भजनांत एक मात्रा इकडची तिकडं होत नाही, आणि या एकाच पदात हात चुकतो?”

मामा झांजेच्या दोऱ्या सोडवत होते. साखर कारखान्यात फिटर होते ते. बोटं जाड, नखं कायमची काळी. त्यांनी दोन्ही चकत्या फडक्यात गुंडाळल्या.

“वय झालं. बोटं ऐकत न्हाईत आता.”

“मामा, झांज वाजवताय का घरी भांडी आपटताय?” कमिटीचे कल्याणराव मागून म्हणाले.

“बायको गेल्यापास्नं दोन्ही मीच करतोय, कल्याणराव. कवा कवा सरमिसळ हुती.”

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

त्या दिवसांत त्यांना तसंही पुष्कळ गोष्टींचा वैताग आला होता. एक म्हणजे दहा रुपयांची नाणी. दहाच्या नोटा आमच्या भागातून नेमक्या कधी गेल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही. आधी त्या मळल्या, मग फाटल्या, मग चिकटपट्टी लावून फिरल्या, आणि एक दिवस हाती नुसतीच नाणी येऊ लागली. पोरं त्यांना डॉलर म्हणतात. वाणी नाणं उलटंसुलटं करून बघतो. रिक्षावाला म्हणतो, दुसरं द्या. देणारा प्रत्येक जण तेच देतो आणि घेणारा प्रत्येक जण तोंड वाकडं करतो. मास्तरांच्याही विजारीचा खिसा नाण्यांच्या वजनानं फाटला होता.

चर्चच्या अर्पणाची मखमली थैलीही या नाण्यांनीच फाडली. खोल, तांबडी, आजी-पणजीच्या काळातली थैली. पण एका रविवारी भर उपासनेत तिचं बूड उसवलं आणि नाणी बाकांखालून घरंगळत थेट वेदीपर्यंत गेली. कल्याणराव चिडले. नगरला जाऊन त्यांनी स्टीलचा उभट डबा आणला आणि नाताळाच्या उपासनेत तो मिरवला. “आता बघू कशी उसवते शिवण!” शिवाय दाराशी मोबाईलवरून पैसे पाठवायची चौकट चिकटवली. ज्याला जमेल त्यानं मोबाईल दाखवून आत यावं, उरलेल्यांनी डब्यात टाकावं.

कापणीच्या सणाला उपासना चालवायला सावेडीहून पाळक येणार होते. जोंधळ्याची कणसं, भोपळे, अंड्यांच्या टोपल्या, पाय बांधलेला एक कोंबडा, असं सगळं वेदीसमोर मांडलं होतं. मास्तर पहाटेपासून धावत होते. पाहुण्यांसमोर आपलं पद नीट व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

पायरीवर कडूबाईनं त्यांना अडवलं. दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाणारी बाई. सणाचं धुवट पातळ नेसून आली होती.

“मास्तर, दहाची नोट हाय का? ह्यो डॉलर घ्या अन् नोट द्या.”

“कुठून आणू, कडूबाई? बँकसुद्धा नाणीच देते.”

“वान्याला मागितली, गिरणीत मागितली. गिरणीवाला म्हनला, म्हातारे, दहाची नोट आता फ्रेम करून भिंतीला लावायची.”

“मग टाका ना नाणंच. नोट काय, नाणं काय, देवाला सारखंच.”

“देवाला सारखंच हाय ओ,” ती म्हणाली. आणखी काहीतरी म्हणणार होती, पण मास्तर आत गेलेसुद्धा.

मामा सतरंजीवर बसून झांजेच्या दोऱ्या बोटांना गुंडाळत होते. मास्तर त्यांच्यापाशी वाकले.

“मामा, आज अर्पणाच्या पदाला झांज राहू द्या.”

मामांची बोटं थांबली.

“बाकी सगळ्याला वाजवा. तेवढ्या पदाला नको. पाहुणे आहेत.”

“मास्तर, बाकीच्याला नसली तरी चालंल. त्या पदाला तेवढी—”

“मामा!” आवाज चढला तसे पुढच्या बाकावरचे दोघे-तिघे वळून बघू लागले. मास्तरांनी तो खाली आणला. “का उगीच हट्ट करता? सरळ सांगतो, तुमच्यानं आता होत नाही. पुढच्या महिन्यापासून दुसरं कुणीतरी बघणार आहे मी.”

मामांनी दोऱ्या सोडल्या. झांज त्यांनी पेटीच्या कडेला ठेवली, आवाज न करता, निजलेलं लेकरू ठेवावं तशी.

उपासना छान रंगली. पाहुण्यांनी वचन वाचलं, त्यावर बोलले. मग कल्याणरावांनी डबा उचलला आणि मास्तरांनी डोळे मिटून पहिला स्वर लावला.

किती दिवसांनी तो स्वर असा अखंड गेला! चर्चमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मास्तरांना वाटलं, झालं, हेच हवं होतं.

ठण्ण.

स्टीलच्या बुडावर नाणं आपटलं. मास्तरांचा स्वर जरा हलला. ते गात राहिले.

ठण्ण. मग खुळखुळ. मग कुणीतरी दाबून हसल्याचा आवाज.

त्यांनी डोळे उघडले.

डबा बायकांच्या बाजूला फिरत होता. दुसऱ्या बाकावरच्या बाईंनी शंभराची नोट दोन बोटांत धरून आत सोडली. काही आवाज नाही. शेजारणीनं हात कोपरापर्यंत डब्यात घातला, नाणं अगदी बुडाशी नेऊन अलगद ठेवलं, तरी ते वाजलंच. पुढच्या बाकावरची नवी सून मान वळवून बघू लागली. तिच्या नजरेसरशी त्या बाईनं पदर ओढून घेतला. पलीकडं दोन पोरी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

पूर्वी इथं काहीच ऐकू येत नसे. मूठ थैलीत जाई, मूठ बाहेर येई. आत घडी घातलेली दहाची गेली की पाचशेची, ते थैलीला ठाऊक.

डबा कडूबाईपुढं आला. तिची मूठ पदराखालून निघाली आणि डब्याच्या तोंडावर अडली. मास्तर गात होते, कुठला चरण ते त्यांना कळत नव्हतं. एवढ्या शांततेत साऱ्या चर्चचे कान त्या डब्याकडं लागलेले. कडूबाईनं मूठ तशीच मागं घेतली आणि डबा शेजारणीकडं सरकवला.

मास्तरांनी मामांकडं पाहिलं. मामांची नजर डब्यावर खिळलेली होती. मांडीवरचे त्यांचे दोन्ही रिकामे हात कुणाची मूठ डब्यावर आली की थोडे वर येत, आणि पुन्हा खाली पडत.

पेटीचा भाता सोडून मास्तरांनी डाव्या हातानं झांज उचलली आणि मामांच्या मांडीवर ठेवली. पेटी मधेच बंद पडली. नुसता गळा उरला.

“घ्या, मामा.”

मामांनी झांजेला हात लावला नाही. “राहू द्या म्हनला न्हवं तुमी?”

“घ्या हो.” मास्तरांनी चरण अर्ध्यावरच सोडला. “डबा पुढं चाललाय.”

मामांनी घाईनं दोऱ्या बोटांना गुंडाळल्या. डबा आता पुरुषांच्या शेवटच्या बाकांकडं वळत होता, जिथं ऊसतोडीवरून आलेली माणसं भिंतीला टेकून बसतात. पहिला हात डब्यावर गेला आणि झांज वाजली, भलत्याच मात्रेवर, कानाला झिणझिण्या आणणारी. दुसरा हात गेला, पुन्हा वाजली. तिसऱ्या हाताला मास्तरांनी डोळे उघडे ठेवून ‘देवा’वरचा तो मऊ स्वर एकदम वर चढवला, इतका वर, की चालच मोडली.

उपासना सुटली. मास्तर गर्दीतून वाट काढत पायरीपाशी गेले. कडूबाई चपला घालत होती. तिची मूठ अजून मिटलेली होती.

“कडूबाई—”

“आज ऱ्हायलं, मास्तर,” ती चपलेकडंच बघत म्हणाली. “जमलं न्हाई.” आणि रस्त्याला लागली.

मास्तर तिच्या पाठीकडं बघत उभे होते, तेवढ्यात सावेडीचे पाळक चहाचा कप घेऊन शेजारी आले.

“पद गोड आहे हो तुमचं. फक्त ते झांजवाले आजोबा... अगदीच बेताल. वाईट वाटून घेऊ नका, पण एखादा तरुण बसवा त्यांच्या जागी.”

आत मामा सतरंजी झटकत होते.

“नाही,” मास्तर म्हणाले. “आमच्याकडं ते पद तसंच वाजवतात.”

तर मंडळी, मामा गेल्या साली प्रभूच्या घरी गेले. त्या गावात त्या पदाला झांज अजूनही मधेच कुठंतरी वाजते, आणि नवखा माणूस दचकतो. तुम्ही कधी तिकडं गेलात तर दचकू नका. आणि गेला नाहीत तरी, आज रात्री हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांच्या नावांमागं एक नाव आणखी घ्या. दानीएल मामांचं.